गोचीड सुटल्यानंतर

"डॉक्टर, तुमच्याकडं लाईमची टेस्ट होते का?"

सकाळी साडेआठची वेळ. उपाशीपोटीच्या साखरेसाठी आलेल्यांची रांग पायरीपर्यंत गेलेली. राजारामपुरीत गल्लीगणिक दवाखाने, कोपऱ्यावर मेडिकल आणि या सगळ्यांच्या आधारानं जगणारी माझ्यासारख्याची एखादी लॅब. त्यामुळं नाही नाही त्या तपासण्यांची नावं आमच्या कानावरून गेलेली असतात. हे नाव ऐकून मात्र काउंटरवरच्या पोरीनं पेन खाली ठेवलं. तिला वाटलं, लिंबाची अ‍ॅलर्जी.

विचारणारे काका शेजारच्या गल्लीतले, बँकेतून निवृत्त झालेले. टेस्ट त्यांना स्वतःसाठी नको होती. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. घरामागं झाडी, आणि झाडीतून थेट अंगणात येणारी हरणं. त्या हरणांचे फोटो काकांनी मला एकदा मोठ्या कौतुकानं दाखवले होते. त्याच झाडीतली एक गोचीड मुलीच्या गुडघ्यामागं चिकटली. चट्टा उठला, ताप आला, तिथल्या डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं, आठवडाभरात उतार पडला. पण पुढं आठ महिने झाले तरी अंगात त्राण नाही. सांधे ठणकतात, झोपून उठलं तरी थकवा जात नाही, मीटिंगमध्ये बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. एमआरआय स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट बहुतेक ठीक. शेवटी तिकडच्याच एका खासगी क्लिनिकनं सांगितलं की हा ‘क्रॉनिक लाईम’ आहे, चार-सहा महिने शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागेल. विमा कंपनी त्याचे पैसे देणार नव्हती.

काकांचा हिशेब तयार होता. "तिकडच्या एका महिन्याच्या खर्चात इथं सहा महिन्यांचं काम होईल. रोज सकाळी सिस्टर येऊन सलाईन लावून जाईल. पोरगी सुट्टी काढून येते म्हणते. इंजेक्शन तर कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतंय की."

मिळतंय, हे खरं. अडचण तीच होती.

काकांना मी आधी जंतूची ओळख करून दिली. तो आपल्याकडचा नसला तरी त्याचे भाऊबंद आपल्याकडं आहेत. बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे त्याचं नाव. सूक्ष्मदर्शकाखाली तो मळसूत्रासारखा पिळदार दिसतो. उपदंशाचा जंतू याच घराण्यातला आणि लेप्टोस्पायरोसिसचाही. २०१९ च्या महापुरानंतर पाण्या-चिखलात वावरलेल्यांना लेप्टोच्या भीतीनं ज्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या गेल्या, त्याच गोळ्या काकांच्या मुलीला न्यू जर्सीत मिळाल्या होत्या. काकांनी तेव्हा स्वतःही त्या घेतल्या होत्या. त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला.

फरक आहे तो वाहकाचा. लेप्टो उंदराच्या मुतातून पाण्यात येतो, लाईम गोचिडीतून. आपल्या डोळ्यांसमोर गोचीड म्हटलं की म्हशीच्या कासेजवळ लोंबणारी, रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली ती राखाडी गोळी येते. हे साम्य आपल्यालाच दिसलं असं नाही. लॅटिनमध्ये गोचिडीला आणि एरंडाला एकच शब्द आहे, आणि युरोपात लाईम पसरवणाऱ्या गोचिडीच्या शास्त्रीय नावात तो आजही बसलेला आहे. पण गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरच्या म्हशीची गोचीड वेगळ्या जातीची, ती लाईम देत नाही. अमेरिकेतली काळ्या पायांची गोचीड वाढीच्या मधल्या टप्प्यावर खसखशीच्या दाण्याएवढी असते. चावलेलं दुखत नाही, खाजत नाही, आणि काखेत, जांघेत, गुडघ्यामागं ती दिवसेंदिवस बसून राहते. नशिबाची गोष्ट एवढीच की जंतू तिच्या पोटातून आपल्या रक्तात यायला वेळ लागतो, बहुतेक वेळा चोवीस तासांहून जास्त. म्हणून त्या भागात राहणाऱ्यांनी बागेतून आल्यावर अंग तपासावं आणि गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, नेलपॉलिश, पेटती काडी असले आपल्याकडचे हमखास उपाय करायला जाऊन वेळ घालवू नये.

हरणांवर मात्र उगाच आळ येतो. मोठी गोचीड हरणावर पोसते हे खरं, पण तिला जंतू मिळतो तो लहानपणी, पांढऱ्या पायांच्या एका रानउंदराकडून. काकांना हे फारसं पटलं नाही. फोटोत उंदीर नव्हता.

रोगाला नाव मिळालं ते कनेक्टिकट राज्यातल्या लाईम या गावावरून. १९७५ च्या सुमारास तिथल्या पॉली मरे नावाच्या बाईंच्या लक्षात आलं की आपल्या घरात आणि आसपासच्या घरांत मुलांचे गुडघे सुजतायत. डॉक्टर प्रत्येक मुलाला वेगळा संधिवात ठरवत होते. बाईंनी नावांची यादी केली आणि आरोग्य खात्याच्या मागं लागल्या. येल विद्यापीठाचे अ‍ॅलन स्टीअर तपासाला आले आणि १९७७ मध्ये ‘लाईम आर्थ्रायटिस’ छापून आला. जंतू सापडायला १९८१ उजाडलं. मोंटाना राज्यातल्या प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर हे मूळचे स्विस शास्त्रज्ञ लाँग आयलंडजवळच्या गोचिडींची पोटं फाडून दुसऱ्याच रोगाचा जंतू शोधत होते आणि काचेवर त्यांना हे पिळदार धागे दिसले. मला या गोष्टीतल्या पॉली मरे जास्त आवडतात. घरात कोणाला कधी काय झालं याची नोंद ठेवणारी बाई डॉक्टरांना त्रासदायक वाटते. ती नोंद नसती तर हा तपास कधी सुरू झाला असता कोण जाणे.

आता उपचार. चावल्यापासून तीन ते तीस दिवसांत चट्टा उठतो, दिवसागणिक पसरतो. दहांतल्या सात-आठ जणांना तो येतो. पुस्तकातल्या चित्रात तो लालभडक, मध्ये पांढरं कडं असलेला नेमबाजीच्या फळ्यासारखा असतो, पण खऱ्या माणसाच्या अंगावर पुष्कळदा नुसताच पसरट लाल असतो. सावळ्या कातडीवर तर तो जांभळट-तपकिरी, मुका मार बसल्यासारखा दिसतो आणि सहज निसटतो. अमेरिकेतल्या आपल्या माणसांनी एवढी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. चट्टा दिसला की तपासणीची वाटही बघत नाहीत, सरळ औषध सुरू होतं, कारण इतक्या लवकर रक्तात अँटिबॉडी आलेल्याच नसतात. २०२० मध्ये तिथल्या संसर्गरोगतज्ज्ञांनी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात डॉक्सीसायक्लिन दहा दिवस पुरे म्हटलंय. जंतू पुढं सरकून मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा हृदयापर्यंत गेला, चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली किंवा हृदयाचे ठोके चुकायला लागले, तर दोन ते तीन आठवडे, गरजेप्रमाणे शिरेतून सेफ्ट्रायाक्झोन. गुडघा सुजला तर चार आठवडे गोळ्या. अमेरिकेत वर्षाला अंदाजे पावणेपाच लाख लोकांना लाईमचं निदान आणि उपचार होतात, आणि त्यातले बहुतेक एवढ्यावर बरे होतात.

बहुतेक होतात, सगळे नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणांचा थकवा, अंगदुखी आणि डोक्यातलं धुकं सहा महिन्यांनंतरही राहतं. याला डॉक्टर ‘उपचारोत्तर लाईम लक्षणसमूह’ असं लांबलचक नाव देतात. ‘क्रॉनिक लाईम’ हे नाव लोकांनी आणि काही क्लिनिकनी चालवलेलं आहे, आणि त्याच्या पोटात अर्थच मुळी निराळा दडलेला आहे. जंतू अजून आत जिवंत आहे, लपून बसलाय, त्याला मारायला आणखी औषध हवं, असं ते नाव सुचवतं. त्या नावाखाली असेही कितीतरी लोक येतात ज्यांना लाईम झाल्याचा कुठलाच पुरावा नाही; दुखतंय मात्र सगळ्यांनाच.

इथं काकांनी मला अडवलं. "पण दुखतंय म्हणजे आत काहीतरी असणारच ना?"

मी त्यांना चिकुनगुन्याची आठवण करून दिली. आपल्या बार्शीत १९७३ मध्ये त्याची साथ आली होती. मग तीस-बत्तीस वर्षं तो जवळपास गायब झाला आणि २००५-०६ मध्ये परतला तेव्हा देशभरात संशयितांचा आकडा तेरा लाखांच्या पुढं गेला. आमच्या गल्लीत तेव्हा घरटी एकजण तरी भिंत धरून चालत होता. ताप चार दिवसांत गेला, पण काकूंना पुढं वर्षभर सकाळी कुकरचं झाकण उघडता येत नव्हतं. खेड्यातून येणाऱ्या म्हाताऱ्या सांगायच्या, "ताप कवाच ग्येला बघा, ह्यो गुडघा काय सोडंना." चिकुनगुन्याचा विषाणू आहे, त्यावर मुळात अँटिबायोटिक चालतच नाही. कुणी काकूंना सहा महिने सलाईन लावायला सांगितलं नाही. गरम पाण्याचा शेक, वेदनाशामक, थोडा व्यायाम आणि वाट बघणं यावर त्या बऱ्या झाल्या. दुखणं खरं होतं, आणि ते विषाणू मारून जाणारं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे काकांना काकूंच्या कुकरमुळं पटलं.

मग राहतं ते काय? पूर बघितलेल्या माणसाला हे सांगणं सोपं आहे. पंचगंगेचं पाणी उतरलं म्हणून घर राहण्याजोगं होत नाही. चिखल असतो, कपाटांची दारं फुगलेली असतात, भिंतीची ओल महिनोन्‌महिने वाळत नाही. त्यावर मोटार लावून उपसा करायचा तर उपसायला पाणीच नसतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की या जंतूच्या भिंतीचे तुकडे उपचारानंतरही काही रुग्णांच्या गुडघ्यातल्या पाण्यात सापडतात. जंतू मेलेला, पण त्याचा गाळ सांध्यात, आणि त्या गाळावर शरीराची प्रतिकारयंत्रणा अजून तुटून पडतेय. अशा गुडघ्याला मग संधिवाताचीच औषधं, मेथोट्रेक्सेटसारखी, द्यावी लागतात. थकव्याचं आणि विसरभोळेपणाचं कोडं याहून अवघड आहे. प्रतिकारशक्ती बिथरलेली राहणं, मज्जासंस्था वेदनेला हळवी होणं, झोप मोडणं असे बरेच धागे धरले गेलेत, पण सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर निघालेलं नाही. कोविडनंतर महिनोन्‌महिने धाप लागणारे लोक दिसू लागले तेव्हा या जुन्या कोड्याकडं वैद्यकाचं लक्ष नव्यानं गेलं.

जास्त अँटिबायोटिक देऊन बघितलंच नाही असं मात्र नाही. चांगलं चार वेळा, काटेकोरपणे बघितलंय. २००१ मध्ये क्लेम्पनर आणि सहकाऱ्यांनी १२९ रुग्ण घेतले. निम्म्यांना महिनाभर शिरेतून सेफ्ट्रायाक्झोन आणि वर दोन महिने डॉक्सीसायक्लिन. उरलेल्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्रावण आणि गोळ्या. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. शेवटी दोन्हीकडं फरक शून्य. पण त्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी की औषध न मिळालेल्यांतही एक तृतीयांशाहून जास्त लोकांना बरं वाटलं होतं. म्हणजे काकांच्या मुलीला सलाईन लावली असती आणि तिला उतार पडला असता, तर आम्ही सगळ्यांनी श्रेय सलाईनला दिलं असतं. ‘अमक्या क्लिनिकनं मला बरं केलं’ म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांना बरं वाटलेलं असतं, एवढंच.

पुढं २००३ मध्ये एका चाचणीत थकवा थोडा कमी झालेला दिसला, बुद्धीचं काम मात्र जैसे थे, आणि शिरेतल्या नळीमुळं झालेले त्रास इतके की संशोधकांनी स्वतःच हा उपचार करा असं म्हटलं नाही. २००८ मध्ये ३७ जणांवर दहा आठवड्यांचा सेफ्ट्रायाक्झोन: बाराव्या आठवड्यात स्मरणशक्ती सुधारल्यासारखी वाटली, चोविसाव्या आठवड्यात दोन्ही गट पुन्हा एका ओळीत. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या लोकांनी २८० रुग्णांवर सर्वांत मोठी चाचणी केली. सगळ्यांना दोन आठवडे शिरेतून औषध, मग बारा आठवडे काहींना दोन प्रकारच्या गोळ्या, काहींना नुसत्या दिसायला गोळ्या. त्या जास्तीच्या बारा आठवड्यांनी काही पदरात पडलं नाही.

आणि किंमत? पैशाची नव्हे, शरीराची. सेफ्ट्रायाक्झोन पित्ताशयात कॅल्शियमबरोबर साकळतं आणि खडे धरतात. गंमत बघा, हे लक्षात आलं ते न्यू जर्सीतच. १९९० च्या सुमारास तिथं लाईमच्या संशयावरून लांबलचक इंजेक्शनं घेतलेल्या कित्येकांची पित्ताशयं काढावी लागली. महिनोन्‌महिने शिरेत ठेवलेली नळी म्हणजे बाहेरच्या जंतूंना हृदयापर्यंतचा राजमार्ग. २०१७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं अशा उपचारांतून जंतुदोष होऊन गंभीर आजारी पडलेल्या पाच जणांच्या कहाण्या छापल्या. शिवाय आतड्यातले चांगले जंतू मरून होणारा जीवघेणा अतिसार आहेच. यातली सर्वांत चलाख गोष्ट अशी की पहिल्या औषधानं जंतू मरताना चोवीस तास ताप-कणकण वाढू शकते, हे खरं आहे. तेच शब्द वापरून काही ठिकाणी पुढच्या सहा महिन्यांतला प्रत्येक दुष्परिणाम ‘जंतू मरतायत, चांगली खूण आहे’ म्हणून खपवला जातो. त्रास वाढला तरी यश, कमी झाला तरी यश. असा धंदा बुडतो कसा?

हे प्रकरण तिथं फक्त दवाखान्यात राहिलेलं नाही. २००६ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेनं लांब उपचारांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, तर कनेक्टिकटचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल रिचर्ड ब्लूमेंथाल यांनी संघटनेचीच चौकशी लावली. २००८ मध्ये तडजोड झाली, तटस्थ मंडळ नेमलं गेलं, आणि २०१० मध्ये त्या मंडळानं तत्त्वं शास्त्राला धरून आहेत असाच निर्वाळा दिला. रुग्णांचा राग मात्र गेला नाही, आणि मला त्या रागाची बाजू कळते. माणूस दुखतंय म्हणून आला आणि त्याला ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ एवढंच ऐकवून परत पाठवलं, तर तो जो ऐकून घेईल त्याच्याकडं जाणार. ‘क्रॉनिक लाईम’वाल्या क्लिनिकमध्ये पहिल्या भेटीला तासभर देतात, असं काकांच्या मुलीनं सांगितलं. आमच्या राजारामपुरीच्या ओपीडीत संध्याकाळी सात वाजता तासभर सोडा, पाच मिनिटं मिळाली तरी पेशंट खूश असतो.

आता काकांच्या मूळ प्रश्नाकडं. माझ्याकडं ही टेस्ट होत नाही. नमुना मोठ्या शहरात पाठवता येतो. पण पाठवू नका, असं मी सांगितलं. मुलीच्या बाबतीत ती निरुपयोगी, कारण अँटिबॉडी उपचारानंतरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात. पॉझिटिव्ह आली तर त्याचा अर्थ ‘कधीकाळी झालं होतं’ एवढाच, आणि ते आम्हाला माहीतच होतं. मग काकांना स्वतःचीही करून घ्यावीशी वाटली, गुडघा दुखतो म्हणून. त्यांना मी कागदावर मांडून दाखवलं. समजा, कोल्हापुरात दहा हजार गुडघेदुखीवाल्यांची टेस्ट केली, आणि समजा, ती शंभरातल्या दोनच निरोगी लोकांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. खरा लाईम त्यात एखादाच निघेल, तोही कुणी परदेशातून घेऊन आला असेल तर. खोटे पॉझिटिव्ह मात्र दोनशे. त्या दोनशे जणांना पुढं कोण समजावणार? म्हणूनच अमेरिकेतसुद्धा एलायझा या पहिल्या टेस्टवर न थांबता दुसरी खात्रीची टेस्ट करतात, आणि जिथं रोगच नाही तिथं सरसकट करूच नये म्हणतात. भारतात लाईम अगदीच नाही असं नाही. हिमालयाच्या पट्ट्यातून तुरळक रुग्ण नोंदले गेलेत, कर्नाटकात नागरहोळे-बंदीपूरच्या जंगलभागातल्या लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्यात. पण राजारामपुरीतल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याचा गुडघा दुखतो तो वयानं आणि वजनानं. काका यावर थोडे नाराज झाले.

गोचिडीची भीती घ्यायचीच असेल तर आपल्या दाराशी दुसरी आहे. चंदगडवरून तिलारी घाट उतरला की दोडामार्ग. तिथं आणि बांद्याच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण दिसू लागले. त्याच्या आदल्या वर्षी गोव्यात सत्तरी तालुक्यात. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं, हा विषाणू शोधला. काजूच्या हंगामात, उन्हाळ्याच्या तोंडाशी, पालापाचोळ्यात बसून बी गोळा करणाऱ्यांना ती रानगोचीड चावते. एकदम फणफणून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कधी रक्तस्राव. यावर मारा करणारं औषध नाही. वेळेवर दाखल करून पाणी, क्षार, रक्त सांभाळणं हाच उपचार. काहींना ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी दुसरा फेरा येतो आणि त्यात मेंदूवर परिणाम होतो. वाचलेल्यांचा अशक्तपणाही लवकर जात नाही. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं, हे तिथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

मुलगी इंजेक्शनं घ्यायला आली नाही. तिच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनी, मी इथून सुचवलं त्यातलं बरंचसं आधीच मनात धरलं होतं. ‘उपचारोत्तर लक्षणं’ म्हणजे सरसकट शिक्का नव्हे, त्याआधी थकव्याची बाकीची कारणं शोधायला हवीत: थायरॉईड, हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, साखर, खरा आमवात, घोरण्यामुळं मोडणारी झोप, नैराश्य. आपल्याकडच्या शाकाहारी बायकांत ब-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासल्याशिवाय कुठल्याही थकव्याला मोठं नाव देऊ नये, हे माझं जुनं मत. तिचं ब-१२ तळाला गेलेलं निघालं. त्याची इंजेक्शनं घेतल्यावर पायाच्या मुंग्या गेल्या, सगळा थकवा काही गेला नाही. रात्री झोप लागावी आणि वेदना बोथट व्हावी म्हणून कमी मात्रेत एक जुनं औषध दिलं. ते नैराश्यावरचं आहे हे वाचून ती बिथरली होती, म्हणजे सगळं मनाचंच समजतात की काय. तसं नसतं. तेच औषध थोड्या मात्रेत मज्जातंतूंच्या दुखण्यालाही चालतं. समुपदेशकाकडं जाणंही असंच: दुखणं खोटं म्हणून नव्हे, दुखण्याबरोबर दिवस काढायचे असतात म्हणून.

सर्वांत अवघड गेलं ते चालणं. बरं वाटलं त्या दिवशी ती सगळं घर आवरायची, पोराला घेऊन मैदानावर जायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. मग पुन्हा बरं वाटायचं, पुन्हा तेच. फिजिओथेरपिस्टनं तिला वही घालून दिली: किती केलं आणि दुसऱ्या दिवशी काय झालं. जेवढ्यानं दुसरा दिवस बिघडत नाही तेवढंच करायचं, आठवडाभर तेवढंच, मग वर दोन मिनिटं. काकांना हे माझ्यापेक्षा लवकर समजलं. "ओव्हरड्राफ्ट काढायचा नाही," ते म्हणाले. "खात्यात शिल्लक तेवढाच चेक."

अशा रुग्णांतले बहुतेक हळूहळू सुधारतात, पण त्याला महिने लागतात, आणि आलेख सरळ वर जात नाही. मार्चमध्ये ती वीस मिनिटं चालत होती, एप्रिलमध्ये फ्लू झाला आणि सातवर आली. जूनमध्ये अर्धवेळ कामाला लागली. शब्द अजून अडकतात, पण आता ती मीटिंगमध्ये सरळ ‘थांबा, आठवते’ म्हणते.

डिसेंबरात सगळे कोल्हापूरला आले. एका सकाळी मी रंकाळ्यावर फिरत होतो तर टॉवरच्या बाजूनं बापलेक येताना दिसले. ओळखदेख झाली, आम्ही तिघं बरोबर चालू लागलो. धुकं विरत होतं, पाण्यापलीकडं शालिनी पॅलेस दिसत होता. काकांना पूर्ण फेरी मारायची होती, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. एका बाकापाशी मुलीनं घड्याळ बघितलं आणि थांबली.

"का गं? दमलीस?"

"नाही."

"मग? चल की अजून थोडं."

"दमले नाही म्हणूनच फिरते, बाबा," ती म्हणाली आणि आल्या वाटेनं परत चालू लागली. काका क्षणभर शालिनी पॅलेसकडं बघत उभे राहिले, मग तिच्यामागून निघाले.